सोळातली एक सरकी: बीटी कपाशी आणि गुलाबी बोंडअळीचं प्रकरण, जनुक तंत्रज्ञानाच्या वर्गासाठी

पदव्युत्तर जैवतंत्रज्ञानात ‘उपयोजित जनुक तंत्रज्ञान’ हा विषय बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने शिकवला जातो. आधी जनुक वेगळं काढणं, मग वाहक, मग पेशीत प्रवेश, मग निवड, आणि अगदी शेवटी ‘उपयोग’ या मथळ्याखाली इन्सुलिन, बीटी कपाशी, सोनेरी तांदूळ. बीटी कपाशीच्या वाट्याला दोन ओळी येतात: मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं, बोंडअळी मेली. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मुलांना या दोन ओळींपुढची हकिकत घरातूनच माहीत असते. २०१७ च्या खरिपात अळी मेली नव्हती.

हे प्रकरण त्या पुढच्या हकिकतीचं आहे. त्यात प्रश्न एकच ठेवला आहे. तेच जनुक, तेच पीक, तीच गुलाबी बोंडअळी. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात हे तंत्रज्ञान १९९६ पासून टिकलं आणि शेवटी तिथून अळीच हद्दपार झाली. आपल्याकडे दहा-पंधरा वर्षांत अळीने त्यावर मात केली. असं का झालं? वर्गात याचं जे उत्तर सगळ्यात आधी येतं ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं जनुक तंत्रज्ञान शिकणाऱ्यानेच शोधायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

काय घडलं

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली: मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४. त्यांत क्राय१एसी हे एकच विषारी प्रथिन होतं. २००६ मध्ये बोलगार्ड-२ हे दोन जनुकांचं बियाणं आलं, त्यात क्राय१एसीच्या जोडीला क्राय२एबी. पुढच्या काही वर्षांत देशातल्या कपाशीचं ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेलं. सुरुवातीला फायदा खरोखर झाला, हे विसरून चालणार नाही. ज्या हिरव्या म्हणजे अमेरिकन बोंडअळीने नव्वदच्या दशकात शेतकऱ्याला फवारून फवारून थकवलं होतं, ती आटोक्यात आली.

मार्च २०१० मध्ये मोन्सँटोनेच जाहीर केलं की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीत क्राय१एसीविरुद्ध प्रतिकार आढळला आहे. त्यावर देशातल्या शास्त्रज्ञांत मतभेद झाले. काहींना तो पुरावा अपुरा वाटला, शिवाय दोन जनुकांचं बियाणं बाजारात असल्यामुळे काळजीचं कारण नाही असाही सूर होता. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत बोलगार्ड-२ च्या बोंडांतही जिवंत अळ्या सापडू लागल्या. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० ते २०१७ या काळात ठिकठिकाणच्या अळ्या गोळा करून तपासल्या. मध्य आणि दक्षिण भारतातल्या प्रमुख कापूस जिल्ह्यांत अळी दोन्ही प्रथिनांना दाद देत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या फवारण्या एकट्या गुलाबी अळीसाठी नव्हत्या, तरी त्या वर्षाचं चित्र त्यांच्याशिवाय पुरं होत नाही.

शेतात ही अळी ओळखायची कशी, हे जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवं. फुलाच्या पाकळ्या वरून एकमेकींत गुंतून बंद राहिल्या तर ती डोमकळी, तिच्या आत अळी असते. बोंडाचं मात्र बाहेरून काहीच कळत नाही. बारीक अळी आत शिरते, तिचं छिद्र बुजून जातं आणि बोंड हिरवंगार दिसत राहतं. फोडलं की आत पोखरलेली सरकी आणि डागाळलेली रुई. फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून तर झाडाच्या आतून मिळणाऱ्या विषाचं एवढं महत्त्व.

पहिलं उत्तर: रेफ्युजी लावली नाही

हे उत्तर खोटं नाही, म्हणून ते आधी नीट समजून घेऊ.

समजा अळीच्या संख्येत प्रतिकाराच्या जनुकाचं प्रमाण हजारात एक आहे. मग दोन्ही प्रती प्रतिकाराच्या असलेली अळी दहा लाखांत एक, आणि एकच प्रत असलेली विषमयुग्मी अळी साधारण पाचशेत एक. म्हणजे धोका खरा विषमयुग्मी अळ्यांचा, कारण प्रतिकाराचं जनुक बहुतांशी त्यांच्याचकडे दडलेलं असतं. यावरचा तोडगा दोन पायांवर उभा आहे. पहिला पाय म्हणजे विषाची मात्रा इतकी जबर हवी की विषमयुग्मी अळीसुद्धा मरावी. दुसरा पाय म्हणजे जवळपास बिनबीटी कपाशी हवी, जिथे साध्या अळ्या मोठ्या संख्येने वाढतील. हीच रेफ्युजी, म्हणजे साध्या अळ्यांचा आश्रय. मग बीटीवर तगलेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार मिळेल तो साधा, त्यांची पिल्लं निघतील विषमयुग्मी, आणि ती पुढच्या पिढीत बीटीवर मरतील.

आपल्याकडे नियम असा होता की बीटी कपाशीभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल तेवढं बिनबीटी लावायचं. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिनबीटीचं पाकीट मिळे. ते बहुतेकांनी लावलं नाही, बांधावर टाकून दिलं. दोन-चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला जमिनीचा पाचवा हिस्सा अळीला वाढवण्यासाठी सोड म्हणणं म्हणजे काय, हे वर्गातल्या शेतकरी घरातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

इथे चर्चा संपवायची सवय आहे. दोष शेतकऱ्याचा, तंत्रज्ञान निर्दोष. पण तोडग्याला दोन पाय होते. पहिल्या पायाचं काय झालं?

बोंड फोडून पाहू

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बीटी कपाशी सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत दिली गेली. सरळ वाणात बीटी जनुक समयुग्मी असतं, दोन्ही प्रतींत असतं, म्हणून झाड काय आणि त्याच्या बोंडातली सरकी काय, सगळीकडे विष. भारतात ती दिली गेली संकरित वाणांत. संकरित कपाशीची परंपरा आपल्याकडे जुनी, गुजरातच्या एच-४ पासून म्हणजे १९७० पासूनची. शिवाय संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने जनुकाला कुलूप आपोआप लागतं. बहुतेक कंपन्यांनी जनुक दोन जनकांपैकी एकातच घातलं. त्यामुळे शेतात उभ्या राहिलेल्या एफ-वन, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीच्या, झाडात बीटी जनुकाची एकच प्रत असते.

पान तपासा, विष सापडेल. देठ तपासा, तिथेही सापडेल. झाड बीटीच आहे. पण बोंडातली सरकी ही त्या झाडाची पुढची पिढी आहे, एफ-टू. आणि एफ-टूमध्ये काय होतं ते आपण बारावीत मेंडेलच्या वाटाण्यावर शिकलेलो असतो. एक जनुक असेल तर चारातल्या तीन सरक्यांत विष, एकीत नाही. बोलगार्ड-२ मध्ये दोन जनुकं वेगवेगळ्या जागी बसलेली आहेत, म्हणून प्रमाण ९:३:३:१. सोळा सरक्यांपैकी नवांत दोन्ही प्रथिनं, तिघींत फक्त क्राय१एसी, तिघींत फक्त क्राय२एबी, आणि एकीत काहीच नाही.

गुलाबी बोंडअळी खाते काय? सरकी. हिरवी बोंडअळी पानं, पाती, फुलं, बोंडं असं बरंच काही खात फिरते. गुलाबी अळी बोंडात शिरली की सरकीवरच जगते. ३२ सरक्यांचं एक बोंड धरा. त्यात अपेक्षेने १८ सरक्या दोन्ही विषांच्या, ६ आणि ६ एकेका विषाच्या, २ अगदी मोकळ्या. अळी एका सरकीतून दुसरीत जाते. तिला कुठे पूर्ण मात्रा मिळते, कुठे अर्धी, कुठे शून्य. विषमयुग्मी अळीला तगून राहायला आणि हळूहळू निवडून यायला याहून सोयीची जागा तुम्ही ठरवून बनवायला गेलात तरी बनणार नाही. दोन विषं एकत्र देण्याचा हेतूच हा की एकाला दाद न देणारी अळी दुसऱ्याने मरावी. पण ज्या सरकीत एकच विष आहे तिथे अळीला एका वेळी एकाच विषाची सवय करून घ्यायला मोकळीक मिळते.

त्यात भर लांब हंगामाची. आपले बरेच संकरित वाण १८० दिवस आणि त्याहून जास्त शेतात उभे राहतात. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच दाखवलं होतं की क्राय१एसीचं प्रमाण झाडाच्या वयाबरोबर घटत जातं, साधारण ११० दिवसांनंतर ते अळी मारण्याच्या पातळीखाली उतरू शकतं, आणि फुलातला अंडाशय व बोंडाची साल या जागी ते सर्वांत कमी असतं. गुलाबी अळी येते ती हंगामाच्या उत्तरार्धात आणि शिरते ती सालीतूनच. त्यापुढे फरदड. शेवटच्या वेचणीनंतर पाणी देऊन तीच पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत ठेवली की अळीच्या पिढ्यांची साखळी तुटतच नाही.

प्रात्यक्षिक

हे फळ्यावर सांगून सोडू नये. कुठल्याही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे करून पाहता येतं आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. बोलगार्ड-२ च्या शेतातून बोंडं आणायची. पान तपासायचं, मग त्याच झाडाच्या बोंडातली एकेक सरकी वेगळी तपासायची. बाजारात क्राय१एसी आणि क्राय२एबी दोन्ही दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात. नमुना छोट्या नळीत बफरमध्ये कुटायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटं थांबायचं. वरची नियंत्रण रेघ आली म्हणजे पट्टी चालली, खालच्या रेघा आल्या तर ते ते प्रथिन आहे.

खरी मेख सरकी सोलण्यात आहे. सरकीचं टरफल आईच्या झाडाच्या ऊतीपासून बनतं, ते एफ-टू नाही. अख्खी सरकी टरफलासकट कुटली तर आईचं प्रथिन मिसळून निकाल गढूळ होण्याचा धोका असतो. म्हणून सरकी रात्रभर भिजवायची, चिमट्याने टरफल काढायचं आणि आतला गर, म्हणजे बीजपत्रं आणि गर्भ, तेवढाच घ्यायचा. गरावर काळे बारीक ठिपके दिसतील, त्या गॉसिपॉलच्या ग्रंथी. त्याच गराचा अर्धा भाग पीसीआरसाठी ठेवला तर डीएनए काढताना हेच गॉसिपॉल आणि पॉलिफेनॉल नडतात. द्रावण तपकिरी पडलं की पीसीआर होणार नाही हे समजून चला. सीटॅब बफरमध्ये पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालण्याचं कारण पुस्तकातल्या ओळीपेक्षा या तपकिरी नळीतून जास्त चांगलं कळतं. पीसीआरमध्ये कपाशीचं स्वतःचं सॅड१ हे जनुक सोबत चालवायचं, म्हणजे ‘बीटी नाही’ आणि ‘डीएनएच नीट निघाला नाही’ यांतला फरक कळतो.

६४ सरक्या तपासल्या तर अपेक्षा ३६:१२:१२:४ अशी. विद्यार्थ्याचे आकडे याला किती जवळ आहेत ते काय-वर्गाच्या चाचणीने बघायचं. जवळ नसतील तर ‘प्रयोग फसला’ म्हणून वही बंद करू नये. शेजारच्या बिनबीटी कपाशीचे परागकण मधमाश्यांनी आणले असतील तर मोकळ्या सरक्या वाढतील. वाणाच्या दोन्ही जनकांत जनुक असेल तर सगळ्याच सरक्या होकारार्थी येतील. प्रत्येक तफावत काहीतरी सांगत असते. एक मर्यादाही लक्षात ठेवायची. पट्टी प्रथिन आहे की नाही एवढंच सांगते, ते अळी मारायला पुरेसं आहे का हे सांगत नाही. त्यासाठी एलायझाने मोजमाप आणि अळीवर जैवचाचणी हवी.

तेच शेत, दुसरी अळी

या प्रकरणाला निसर्गाने एक तुलना आयती दिली आहे. हिरवी बोंडअळी त्याच शेतात, तीच दोन विषं खात होती. तिच्यात शेतावर जाणवेल असा प्रतिकार गुलाबीसारखा फोफावला नाही. ती तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवर जगते. शेतकऱ्याने बिनबीटीचं पाकीट बांधावर टाकलं तरी शेजारची तूर तिच्यासाठी रेफ्युजीचं काम करत होती. गुलाबी अळीचा संसार जवळपास कपाशीवरच, त्यामुळे ९० टक्क्यांहून अधिक बीटी म्हणजे तिच्यासाठी आश्रयच उरला नाही. जनुक निवडताना कीड काय काय खाते याची यादी हातात हवी, ती इतक्या थेट कारणासाठी.

अ‍ॅरिझोना आणि चीन

अ‍ॅरिझोनातल्या शेतकऱ्यांनी बिनबीटी कपाशीची अट पाळली, वाण सरळ होते, सरकीन्‌सरकी विषारी होती. २००६ पासून त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. रेफ्युजीऐवजी प्रयोगशाळेत वाढवून किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग प्रचंड संख्येने सोडले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

चीनचं उदाहरण मुलांना गोंधळात टाकतं, आणि ते टाकावंच. तिथे यांग्त्सेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरिताचं एफ-टू बियाणं पेरलं आणि प्रतिकार लांबला. मग आपल्याकडे एफ-टू वाईट आणि तिथे चांगलं कसं? त्यांच्या शेतात पेरलेलं बीच एफ-टू होतं, म्हणून चारातलं एक अख्खं झाड बिनबीटी निघालं आणि बिनबीटी झाडांवरच्या अळ्या साध्या पतंगांचा पुरवठा करत राहिल्या. आपल्याकडे झाडं सगळी बीटी आणि सरमिसळ बोंडाच्या आत. तेच मेंडेलचं प्रमाण झाडाझाडांत विभागलं की आश्रय होतं, एका बोंडात विभागलं की अर्धवट मात्रा. हा फरक ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत मांडता आला त्याला हे प्रकरण समजलं असं मी धरतो.

अळीच्या बाजूने

क्राय१एसी अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं. प्रतिकारक अळीत या कॅडहेरिनचं जनुक बिघडलेलं असतं. भारतातल्या अळ्यांत हा बिघाड एका ठरावीक बदलाने आलेला नाही. आरएनएचे तुकडे जोडताना नाना प्रकारची चुकीची रूपं तयार झालेली आढळली. क्राय२एबीच्या बाबतीत एबीसीए२ या वाहक प्रथिनाच्या जनुकात बिघाड दिसतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की एकच उत्परिवर्तन पकडणारी पीसीआर चाचणी बनवून गावोगाव अळीवर नजर ठेवू, ही विद्यार्थ्यांना हमखास सुचणारी कल्पना इथे चालत नाही. अळी पकडून विषमिश्रित आहारावर ठेवण्याची जुनी जैवचाचणीच लागते.

निर्णयाचा भाग

शेवटच्या तासाला वर्गाला २००२ सालच्या मान्यता समितीच्या खुर्चीत बसवायचं. त्यांच्यापुढे तेव्हा उपलब्ध असलेलीच माहिती ठेवायची: मेंडेल, गुलाबी अळीची खाण्याची सवय, संकरित वाणात जनुकाची एकच प्रत, सरासरी शेतकऱ्याची जमीन. मग विचारायचं, अट कोणती घालाल?

एक गट म्हणतो, दोन्ही जनकांत जनुक घालणं सक्तीचं करा, म्हणजे प्रत्येक सरकीत विष येईल. यावर दुसरा गट हिशेब मांडतो. एका जनकात जनुक आणायला पाच-सहा प्रतीपसंकर, म्हणजे त्याच जनकाशी पुन्हा पुन्हा संकर, करावे लागतात, दोन्हीत आणायचं म्हणजे काम दुप्पट आणि वाण बाजारात यायला उशीर. तिसरा गट सरळ, कमी दिवसांच्या वाणांचा आग्रह धरतो. शेतकरी बी राखून ठेवू शकेल आणि डिसेंबरात शेत मोकळं झालं की अळी उपाशी राहील. मग कंपनीने गुंतवणूक का करावी, हा प्रश्न येतो आणि सार्वजनिक संशोधनाची गरज तिथेच उभी राहते. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने क्राय१एसी असलेले सरळ वाण आणलेही, पण तेव्हा गुलाबी अळीने ते विष पचवलं होतं. या वाणांचा आज उपयोग आहे तो लवकर तयार होण्याचा.

माझा कौल दोन्ही जनकांच्या अटीला आहे. रेफ्युजीची जबाबदारी लाखो शेतकऱ्यांवर विखुरलेली होती आणि ती पाळली जाणार नाही हे दिसत होतं. बोंडातल्या सरमिसळीची जबाबदारी वाण तयार करणाऱ्या मोजक्या प्रयोगशाळांवर होती आणि ती कागदावर आधीच मोजता येत होती. एवढ्याने प्रतिकार टळला असता असा दावा मी करत नाही. लांब हंगाम, फरदड आणि बिनबीटीचा अभाव राहिलाच असता. पण तोडग्याचा पहिला पाय तरी शाबूत राहिला असता आणि सगळं खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फुटलं नसतं.

आज शेतात जे चालतं त्याचा जनुकाशी फारसा संबंध नाही. जूनआधी पेरणी नको, फुलोऱ्यापासून कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे), सलग तीन रात्री सापळ्यात ८ ते १० पतंग आले की उपाय, डोमकळ्या तोडून नष्ट करणं, ट्रायकोग्रामा या अंडी नष्ट करणाऱ्या परजीवी कीटकाची कार्डं, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणं, जिनिंगमध्ये साठलेल्या सरकीतली अळी रोखणं. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही यादी ‘कृषी विस्ताराचं काम’ म्हणून बाजूला सारू नये, कारण पुढचं कुठलंही जनुक आलं तरी ते याच वेळापत्रकात बसवावं लागेल.

सत्राअखेरीचा प्रश्न असा ठेवावा: ‘गुलाबी बोंडअळीविरुद्ध एक नवं प्रथिन सापडलं आहे. ते संकरित वाणातून द्यायचं आहे. मान्यतेच्या अर्जासाठी तीन चाचण्या सुचवा. त्यांतली किमान एक, टरफल काढलेल्या एकेका सरकीवरची हवी.’